मुलांना घेऊन नाशिकजवळ वन्यजीव पाहायला जायचे असेल तर

आपण विचारलेला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती इथेच दिसेल. घरात पाच आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत, सोबत गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत, गाडी घरची आहे आणि सुट्टी म्हणजे बहुधा फक्त रविवार. नाशिकहून दीड-दोन तासांत पोहोचता येईल, मुलांना प्राणी ‘नक्की’ दिसतील आणि जमल्यास जीपमधून सफारीही करता येईल, असे ठिकाण आपल्याला हवे आहे. याआधी एका रविवारी आपण एका धरणाच्या काठावर गेला होतात. घरून निघायलाच अकरा वाजले, पोहोचेपर्यंत एक वाजला, पाण्यावरचे ऊन डोळ्यांवर येत होते, दूरवर काही काळे ठिपके दिसले आणि मुले अर्ध्या तासात गाडीत बसून मोबाइल पाहू लागली, असेही आपण लिहिले आहे.

गेली बावीस वर्षे मी नाशिकमधल्या शाळांच्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना पक्षी व प्राणी दाखवायला नेते आहे. त्या अनुभवावरून सांगते की आपले ठिकाण चुकले नव्हते, वेळ चुकली होती. ते काळे ठिपके बहुधा वारकरी नावाचे पाणपक्षी किंवा बदके असावीत, आणि सकाळी आठ वाजता तीच आपल्याला काठाजवळ चरताना दिसली असती. म्हणून ‘कुठे जावे’ या आपल्या प्रश्नाच्या आधी मी दोन प्रश्न ठेवते. कोणत्या महिन्यात जाणार आहात, आणि त्या जागी मुले किती वेळ आनंदाने राहतील? ही दोन उत्तरे हाती आली की ठिकाण आपोआप ठरते.

सफारीबद्दल आधी स्पष्ट बोलते, कारण ती अपेक्षा मनात राहिली तर पुढची प्रत्येक जागा फिकी वाटेल. नाशिक जिल्ह्यात व्याघ्रप्रकल्प नाही. ताडोब्यासारख्या जंगलात फिरवतात तशी उघड्या जीपमधली वाघाची सफारी रविवारच्या सहलीत बसवता येत नाही. त्यासाठी विदर्भात जावे लागते आणि त्याला चार-पाच दिवसांची सुट्टी हवी. आपल्याकडे बिबट्या भरपूर आहे, पण तो पाहायला जायचा प्राणी नाही. निफाड, सिन्नर आणि दारणाकाठच्या गावांमध्ये तो उसात राहतो, उसातच त्याची मादी पिल्ले घालते आणि गावातली कुत्री, शेळ्या, वासरे यांच्यावर त्याचे पोट चालते. त्या गावांतली माणसे त्याच्या भीतीखाली संध्याकाळी मुलांना अंगणात पाठवत नाहीत. अशा ठिकाणी रात्री गाडी घेऊन बिबट्या शोधत फिरणे धोक्याचे आहे, आणि त्या गावकऱ्यांच्या दुःखाचा तो अनादरही आहे, असे माझे ठाम मत आहे.

मग पाच वर्षांच्या मुलाला काय दाखवावे? लहान मुलांसाठी मी नेहमी असे प्राणी निवडते की जे उघड्यावर असतात, संख्येने बरेच असतात आणि बराच वेळ एका जागी थांबतात. दाट जंगलातला शेकरू किंवा भेकर पाहण्यासाठी तासभर गप्प बसावे लागते. ते नऊ वर्षांच्या मुलीला एखाद्या वेळी जमेल, पाच वर्षांच्या मुलाला जमणार नाही, आणि त्याला ते जमावे अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. पाणपक्षी आणि काळवीट मात्र मुलाच्या अधीरपणाला सांभाळून घेतात. एक पक्षी उडाला तरी दुसरे पन्नास समोर असतात.

या दृष्टीने नाशिकचे भाग्य मोठे आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला येवल्याच्या बाजूला तो ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात घाटातले जंगल, नदीकाठची दलदल आणि उघडे गवताळ माळरान अशा तीन वेगळ्या दुनिया मिळतात, आणि प्रत्येकीचा हंगाम वेगळा असतो. हिवाळ्यात पूर्वेला जावे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर पश्चिमेला जावे, हा माझा साधा नियम आहे.

आपण नोव्हेंबरच्या शेवटी विचारता आहात, तेव्हा माझे पहिले उत्तर नांदूरमध्यमेश्वर हेच आहे. नाशिकपासून ते साधारण ४५ किलोमीटरवर, निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला, आणि शंभर वर्षांत त्याच्या मागे दोन्ही नद्यांचा गाळ साचत गेला. पाणी साठवण्याच्या दृष्टीने ही अडचण ठरली, पण त्या गाळातूनच उथळ पाणी, बेटे, पाणवनस्पती आणि चिखलाचे काठ तयार झाले, आणि पाणपक्ष्यांना नेमके तेच लागते. खोल, स्वच्छ, कडांवर सरळ उतरणाऱ्या धरणात फार पक्षी दिसत नाहीत, कारण तिथे पाय टेकायला आणि चोच बुडवायला जागा नसते. १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तो महाराष्ट्रातला पहिला रामसर पाणथळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. लोणारचा क्रमांक त्याच वर्षी पुढे लागला.

इथे जाताना एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून असते आणि ती म्हणजे पाण्याची पातळी. वरच्या दारणा-गंगापूर धरणांतून आवर्तन, म्हणजे ठरावीक काळासाठी सोडलेले पाणी, सुटले की बंधाऱ्यामागचे पाणी चढते, चिखलाचे काठ बुडतात आणि शेकाटे, तुतवार, चमचे असे काठाने चरणारे पक्षी पांगतात; बदके मात्र राहतात. आवर्तन बंद होऊन पाणी उतरू लागले की काठ पुन्हा उघडे पडतात आणि दोन-तीन दिवसांत सगळी वर्दळ परत येते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चापडगावच्या वनविभागाच्या केंद्रात किंवा तिथल्या एखाद्या स्थानिक गाइडकडे पाण्याची स्थिती विचारून घ्यावी. हे गाइड म्हणजे गावातलीच तरुण मुले आहेत, त्यांना पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावे पाठ असतात, आणि त्यांच्याजवळ तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावलेली मोठी दुर्बीण असते. आपल्या सहलीत गाइडवर होणारा खर्च हा सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते.

आता वेळेविषयी. पुस्तकी सल्ला ‘सूर्योदयाला पोहोचा’ असा असतो आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तोच देत असे. एका जानेवारीत अकरा कुटुंबांना घेऊन मी पहाटे सहाला तिथे पोहोचले. निफाडची थंडी आपल्याला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात कित्येकदा राज्यात सर्वांत खाली असतो. त्या दिवशी पाण्यावरून इतके दाट धुके उठत होते की पक्षी पाहण्याच्या मनोऱ्यावरून खालची पायवाटही दिसेना. पक्ष्यांचे आवाज चारी बाजूंनी येत होते आणि पक्षी एकही दिसत नव्हता. लहान मुलांचे हात गारठले, एक मुलगी रडू लागली, आणि नऊच्या सुमारास धुके उठले तेव्हा अर्धी कुटुंबे परतीच्या वाटेला लागली होती. ती चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत मुलांसोबत असताना मी नाशिकहून साडेसहाला निघते आणि आठच्या सुमारास पोहोचते. थंडी ओसरलेली असते, ऊन तिरपे असते आणि पक्षी चरण्यात गुंतलेले असतात. साडेदहापर्यंत पाहावे आणि मुले कंटाळण्याच्या आधी थांबावे. फेब्रुवारीत थंडी कमी झाल्यावर अर्धा तास आधी निघाले तरी चालते.

पहाटेच्या त्या रस्त्याबद्दलही सावध करते. उसाचा गळीत हंगाम सुरू असतो, त्यामुळे चांदोरी-निफाडच्या पट्ट्यात उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. फार पहाटे निघू नये असे मी म्हणते त्याचे हेही एक कारण आहे. तिसरे कारण वर आलेच आहे: उसाच्या पट्ट्यात पहाट आणि कातरवेळ बिबट्याची असते. दिवसाही मुलांना उसाच्या बांधावर पळू देऊ नये, लघवीसाठी एकटे आडोशाला पाठवू नये आणि पायवाटेवर चालताना त्यांना मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. ऊसतोडीच्या वेळी कधी मांजरीएवढी पिल्ले दिसतात. त्यांना हात न लावता दूर व्हावे, कारण आई जवळच असते, आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.

तिथे पोहोचल्यावर मुलांना काय दाखवावे, हे जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक सहली इथेच फसतात. मोठी माणसे पक्ष्यांची नावे सांगत सुटतात, आणि पाच वर्षांच्या मुलाला नावांत रस नसतो. त्याला कृती दाखवावी. वारकरी पक्षी उडण्याआधी पाण्यावर धावत जातो आणि मागे पाण्याचे पांढरे ठसे उमटत राहतात; ते पाहून मुले हटकून हसतात. चमचा नावाचा पांढरा पक्षी अर्धवट उघडी चपटी चोच पाण्यात बुडवून कोयता फिरवावा तशी डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चित्रबलाक पाण्यात चोच उघडी ठेवून उभा राहतो आणि मासा चोचीला लागला की ती क्षणात मिटते. तो मासा डोळ्यांनी शोधत नाही, स्पर्शाने पकडतो, हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगितले तर ती पुढची पंधरा मिनिटे त्याच्यावरून नजर काढणार नाही. कमळपक्ष्याची बोटे इतकी लांब असतात की तो तरंगत्या पानांवरून चालतो आणि पान बुडत नाही. जांभळी पाणकोंबडी एका पायात लव्हाळ्याचा कोंब धरून माणसासारखी सोलून खाते.

आणि एक प्रसंग घडण्याची वाट मात्र जरूर पाहावी. सगळी बदके शांतपणे तरंगत असतात. थापटे, तलवार बदके, गढवाल, केशरी रंगाचे चक्रवाक, सगळी आपापल्या घोळक्यात. अचानक एका टोकापासून गडबड सुरू होते आणि पाहता पाहता हजारो पंख एकदम उठतात. अशा वेळी मुलांना बदकांकडे पाहू देऊ नये. ‘कोण आले ते शोधा’ असे म्हणावे. लव्हाळ्यावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरून, संथपणे येणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी त्यांना दिसतो. बदके घिरट्या घालतात, तो निघून जातो आणि सगळी पुन्हा पाण्यावर उतरतात. मी हे शेकडो वेळा पाहिले आहे आणि अजूनही त्या क्षणी माझा श्वास रोखला जातो. हे एकदा पाहिलेले मूल पुढच्या वेळी स्वतःहून आकाशाकडे लक्ष ठेवते.

चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात आणि पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात, ही गोष्ट मुलांना गाडीत जाताना सांगावी, पक्षी समोर असताना सांगू नये. समोर असताना फक्त पाहावे. फ्लेमिंगो मात्र कबूल करू नयेत. ते काही वर्षी येतात, काही वर्षी येत नाहीत, आणि वर्तमानपत्रातला फोटो पाहून ‘गुलाबी पक्षी’ पाहायला आलेल्या मुलांचा हिरमोड मी पुष्कळदा पाहिला आहे.

दुर्बिणीविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते. पाच वर्षांच्या मुलाच्या दोन डोळ्यांतले अंतर नेहमीच्या दुर्बिणीला पुरत नाही, त्याला एकच वर्तुळ दिसत नाही आणि तो ती खेळण्यासारखी फिरवत राहतो. त्याच्यासाठी गाइडची तिकाटण्यावरची दुर्बीण खाली करून घ्यावी आणि उभे राहायला एक छोटा स्टूल न्यावा. नऊ वर्षांच्या मुलीला आठ गुणिले बेचाळीस मापाची दुर्बीण योग्य ठरते; दहापट मोठे दाखवणारी आकर्षक वाटते, पण ती लहान हातांत हलते आणि तिचे दृश्यही अरुंद असते. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, त्याच्यावरून नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची, हा सराव घरी गच्चीवर समोरच्या तारेवरच्या कोतवालावर करून घ्यावा. तिथे गेल्यावर शिकवायला वेळ नसतो.

दुसरे ठिकाण ममदापूर. येवल्याच्या पुढे ममदापूर-राजापूर परिसरातल्या माळरानावर काळवीट आहेत आणि हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. नाशिकहून शंभरेक किलोमीटर आणि वाटेतल्या थांब्यासह अडीच तास धरावेत, म्हणजे आपल्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त. पण मुलांना ‘मोठा प्राणी’ दाखवायचा असेल तर याहून खात्रीची जागा मला आपल्या जिल्ह्यात माहीत नाही. नर वरून जवळजवळ काळा, पोट पांढरे, शिंगे पिळदार. माद्या आणि पाडसे बदामी रंगाची. कळप दचकला की एकेक जण चारी पाय उचलून उंच उडी मारतो. इथे गाडीतून न उतरणे हाच सगळ्यांत मोठा नियम आहे. काळवीट गाडीला फारसे बुजत नाही, पण दोन पायांवर उभा राहिलेला माणूस दिसला की पाचशे मीटर दूर जातो. इंजिन बंद करावे, काच खाली करावी आणि दहा मिनिटे बोलू नये. कळप चरत चरत स्वतःच जवळ येतो. आपल्या सासूबाईंनाही हे गाडीत बसून निवांत पाहता येईल. गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेवावी, कारण माळावर टिटवी, धावीक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीत दिसत नाहीत.

या काळविटांमुळे तिथल्या शेतकऱ्यांच्या पिकाचे नुकसान होते आणि उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात आलेली काळविटे कठडा नसलेल्या विहिरींत पडून मरतात, या दोन्ही गोष्टी मुलीला सांगाव्यात असे मला वाटते. नऊ वर्षांच्या वयात हे समजते. गावात थांबून चहा घ्यावा, भाजी-कांदा घ्यावा. ज्या शेतावर प्राणी चरतात त्या शेताच्या मालकाच्या हातात पर्यटनाचे चार पैसे पडले तरच हे माळरान टिकेल.

पश्चिमेकडे वळते. अंजनेरी नाशिकपासून २० किलोमीटरवर, त्र्यंबक रस्त्यावर आहे. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून तिथे जाणारे भाविक पुष्कळ असतात, पण त्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. गायी-म्हशींना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभरातली गिधाडे झपाट्याने मेली, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि जी थोडी ठिकाणे तग धरून राहिली त्यांत आपले हे कडे आहेत. इथला सोयीचा भाग असा की गिधाडे पाहण्यासाठी गड चढावा लागत नाही. गिधाड जड पक्षी आहे. ते पंख मारत फार वेळ उडू शकत नाही, ऊन चढून कड्यापासून गरम हवा वर उठू लागली की तिच्यावर तरंगते. त्यामुळे नऊ-साडेनऊनंतर पायथ्याशी झाडाखाली खुर्ची टाकून बसावे आणि कड्याच्या वरच्या कडेवर नजर ठेवावी. सूर्याकडे पाहून दुर्बीण लावू नये, हे मुलांना तीनदा सांगावे. कड्याखाली फटाके, स्पीकर, ड्रोन अजिबात नको. घाबरलेले गिधाड घरट्यातून एकदम उठते आणि वर्षातून एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे ते अंडे खाली घरंगळू शकते.

पावसाळ्याबद्दल माझे म्हणणे कठोर वाटेल. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन धबधब्याखाली किंवा ओढ्यात उतरू नये. दुगारवाडी असो, पहिने असो, आपण उभे असतो तिथे ऊन असते आणि वर ब्रह्मगिरीच्या बाजूला ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाढल्या की ते चढायला काही मिनिटेच लागतात. त्या महिन्यांत घराजवळ राहावे. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात सकाळी तासभर फिरले तरी सातभाई, शिंजीर, फुलपाखरे आणि लाल मखमली किडे मुलांना पुरतात. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला की बोरगड-रामशेजची बाजू आणि अंजनेरीचा पायथा रानफुलांनी भरतो. खरे तर आपल्या पाच वर्षांच्या मुलाची पहिली तालीम वनोद्यानातच करून पाहावी. तिथे तो एक तास रमला तर नांदूरला दोन तास रमेल.

काजव्यांविषयी आपण वेगळे विचारले आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत भंडारदरा परिसरात, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत, सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे एका लयीत लुकलुकतात. नाशिकहून घोटीमार्गे हे अंतर साधारण ७० किलोमीटर आहे. हा प्रकाश नर-माद्यांनी एकमेकांना शोधण्यासाठीचा आहे आणि पंख फुटल्यानंतरचे त्यांचे आयुष्य थोड्याच आठवड्यांचे असते. गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवारी तिथे गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइटच्या झोतात झाडे न्हाऊन निघतात आणि त्या उजेडात काजव्याला काजवा दिसत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की शाळेला सुट्टी असतेच, एक आडवार मोकळा करून अमावास्येच्या आसपास जावे, रतनवाडी, मुतखेल, पांजरे अशा गावातल्या एखाद्या घरी मुक्काम करावा आणि अंधार पडल्यावर गाडीला हात लावू नये. गावातला माणूस सोबत घेऊन चालत जावे, बॅटरीला लाल जिलेटिन कागद बांधावा आणि तिचा झोत फक्त पायाखाली ठेवावा, कारण जूनच्या तोंडावर साप-विंचू बाहेर असतात. काजवे बाटलीत धरू देऊ नयेत. रात्रीच्या प्रवेशाचे नियम वनविभाग हंगामापूर्वी जाहीर करतो, ते निघण्याआधी पाहावेत. लहान मुलाला दुपारी झोपवून न्यावे, नाहीतर नऊच्या सुमारास, झाडे खऱ्या अर्थाने पेटतात तेव्हा, तो खांद्यावर झोपलेला असतो.

कधी दोन दिवसांची सुट्टी मिळाली तर वणी-सापुतारामार्गे गुजरातच्या डांग जिल्ह्यात उतरावे. सापुताऱ्याच्या गर्दीत न अडकता वघईजवळचे किलाद किंवा आहव्याच्या पुढचे महाल इथल्या गुजरात वनविभागाच्या निसर्ग शिबिरांत आधी आरक्षण करून राहावे. नदी, साग आणि बांबूचे जंगल, रात्री घुबडांचे आवाज. तिथेही ‘नक्की दिसणारा’ मोठा प्राणी नाही, पण जंगलात झोपण्याचा अनुभव मुलांना मिळतो, आणि वाटेत वणीच्या देवीचे दर्शन होत असल्याने सासूबाईही आनंदाने येतील. सप्तशृंग गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली असल्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न येत नाही.

थोडक्यात माझा क्रम असा राहील: याच आठवड्यात तासभर नेहरू वनोद्यान, डिसेंबरमध्ये नांदूरमध्यमेश्वर, जानेवारी-फेब्रुवारीत ममदापूर किंवा, माझ्या नियमाला अपवाद म्हणून, पश्चिमेचे अंजनेरी, आणि मेअखेर काजवे. एका रविवारी एकच ठिकाण करावे. परतताना अजून एक धरण, अजून एक मंदिर, अजून एक हॉटेल असे जोडत गेले की सकाळचे सगळे पाहणे दुपारच्या उन्हात विरते.

नांदूरच्या दिवशी गाडीत घ्यायच्या वस्तू सांगून थांबते. कानटोप्या आणि हातमोजे, फिकट मातकट रंगाचे कपडे, थर्मासमध्ये गरम दूध, दशम्या आणि भेळभत्ता, कचऱ्यासाठी एक पिशवी, लहानग्यासाठी स्टूल आणि सासूबाईंसाठी पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची. त्यांनी मनोऱ्याच्या पायऱ्या चढण्याची गरज नाही. गाइडला आधी सांगितले तर तो त्यांना पाण्याच्या कडेला, ऊन पाठीवर येईल अशा जागी बसवून देतो, आणि वारकरी, पाणकोंबड्या व बगळे तिथून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. राम मारीचाच्या मागे इथवर आला असे गावकरी सांगतात आणि नदीकाठी महादेवाची जुनी देवळे आहेत. साडेदहानंतर मुले दमली की त्यांतल्या एका देवळाच्या ओट्यावर बसून डबा खावा, तोवर सासूबाईंचे दर्शन होते, आणि दीडपर्यंत आपण नाशिकला घरी असता.